लाजेचं नाव शरीराला कशाला?

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षात ओटीपोटाचं विच्छेदन सुरू झालं की 'पुडेंडल नर्व्ह' समोर येते. कण्याच्या तळाशी असलेल्या त्रिकास्थीतून दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकाच्या ज्या चेता, म्हणजे नसा, बाहेर पडतात, त्यांच्या तंतूंपासून ती बनते. ओटीपोटाच्या पोकळीतून मागच्या बाजूने बाहेर येते, बैठकीच्या हाडाच्या टोकदार काट्याला वळसा घालते आणि खालच्या छिद्रातून पुन्हा आत शिरते. पुढे आयरिश शरीरशास्त्रज्ञ बेंजामिन अल्कॉक यांनी १८३६ साली वर्णन केलेल्या बोगद्यातून तिचा प्रवास होतो, आणि तिच्या शाखा गुदद्वाराच्या व मूत्रमार्गाच्या स्नायूंपर्यंत आणि जननेंद्रियांच्या त्वचेपर्यंत पोचतात. हा मार्ग इतका वळणावळणाचा आहे की तोंडी परीक्षेत तो हमखास विचारला जातो. नावाचा अर्थ मात्र कोणी विचारत नाही. तो असा आहे: जिची लाज वाटायला हवी अशी नस.

हे नाव बदललं पाहिजे असं माझं ठाम मत आहे. स्त्रीच्या बाह्य जननेंद्रियांसाठी वापरला जाणारा 'पुडेंडम' हा शब्द शरीररचनाशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय शब्दयादीतून २०१९ च्या आवृत्तीत वगळला गेला. ते योग्यच झालं. पण त्याच यादीने त्याच धातूपासून बनलेली नसेची, रोहिणीची आणि त्या बोगद्याची नावं जशीच्या तशी ठेवली. इथे थांबण्यासाठी जी कारणं पुढे केली जातात ती मला पटत नाहीत. आणि आपल्याकडे मातृभाषेतून वैद्यक शिकवण्याची चर्चा चालू असताना हा प्रश्न युरोपातल्या चार पंडितांचा म्हणून सोडून देता येणार नाही.

आधी शब्दाकडे पाहू, कारण वाद त्याच्या घडणीतच आहे. लॅटिनमधलं 'पुदेत' हे क्रियापद मराठी माणसाला चटकन समजेल असं आहे. आपण जसं 'मला लाज वाटते' म्हणतो, म्हणजे लाज ही कर्त्यासारखी येते आणि माणूस तिच्या तावडीत सापडतो, तशीच रोमन माणसाच्या वाक्याची रचना होती. या क्रियापदापासून 'पुदेंदुस' हे विशेषण बनतं. त्याचा प्रत्यय आपल्या 'पूजनीय', 'निंदनीय' यांमधल्या प्रत्ययाचं काम करतो: जे करायला हवं, जे करण्याजोगं आहे, ते. अजेंडा म्हणजे करायच्या गोष्टी, मेमोरँडम म्हणजे लक्षात ठेवायची गोष्ट. त्याच साच्यात पुडेंडम म्हणजे लाज बाळगायची गोष्ट.

संस्कृतातल्या 'गुह्य' या शब्दाचा साचाही हाच आहे: लपवण्याजोगं. पण लपवणं आणि लाजणं यांत अंतर आहे. माणूस पैसे लपवतो, मंत्र गुप्त ठेवतो, अंगावर कपडे घालतो. त्यात त्या वस्तूला कमीपणा येतोच असं नाही. लाज वाटायला हवी असं म्हटलं की मात्र त्या गोष्टीवर निकाल दिला गेलेला असतो. पुडेंडम हा शब्द अवयवाचं वर्णन करत नाही, तो अवयवाच्या मालकाला आज्ञा करतो.

रोमनांनी ही कल्पना बहुधा ग्रीकांकडून उचलली. ग्रीक वैद्यांच्या आणि अॅरिस्टॉटलच्या लिखाणात जननेंद्रियांना 'आयदोइया' म्हटलेलं आहे, आणि 'आयदोस' म्हणजे लज्जा, भीड, आदरयुक्त संकोच. तिथे हा शब्द स्त्री आणि पुरुष दोघांसाठी चालत होता. लॅटिनमध्येही सुरुवातीला तसंच होतं. पाचव्या शतकात संत ऑगस्टीनने आपल्या 'देवाचं नगर' या ग्रंथाच्या चौदाव्या खंडात लिहिलं की या अवयवांना 'पुडेंडा' म्हणतात ते योग्यच आहे, कारण ते आपल्या इच्छेनुसार हलत नाहीत वा थांबत नाहीत. आदामाच्या, म्हणजे बायबलमधल्या पहिल्या माणसाच्या, पापाआधी ते तसे लाजिरवाणे नव्हते. हा उतारा वाचताना लक्षात येतं की ऑगस्टीनच्या डोळ्यांसमोर मुख्यतः पुरुषाचा अवयव आहे. इच्छेला न जुमानणारं शरीर ही त्याची स्वतःची, एका पुरुषाची तक्रार होती.

मग ही लाज एकट्या स्त्रीच्या नावावर कशी चढली? त्याचं उत्तर शरीरशास्त्राच्या छापील पुस्तकांत आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यावर पॅरिसच्या शार्ल एस्तिएनने क्लिटोरिसचं, म्हणजे योनिमुखाच्या वरच्या टोकाशी असलेल्या संवेदनशील अवयवाचं, वर्णन करताना त्याला फ्रेंचमध्ये 'लाजिरवाणा अवयव' म्हटलं आणि त्याचा संबंध लघवीशी लावला. १५५९ साली इटलीच्या रेआल्दो कोलोंबोने तोच अवयव आपण शोधल्याचा दावा केला, गाब्रिएले फालोप्पिओनेही केला, आणि आधुनिक शरीररचनाशास्त्राचा जनक म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं त्या व्हेसालियसने सांगून टाकलं की निरोगी स्त्रीमध्ये असं काही नसतंच. अर्ध्या मानवजातीला जन्मतः असलेल्या अवयवाबद्दल युरोपातले सर्वश्रेष्ठ विच्छेदक हे बोलत होते. जिथे पाहणंच लाजेचं ठरवलेलं आहे तिथे पाहणाऱ्याची नजरही नीट चालत नाही, एवढा अर्थ मी त्यातून काढतो.

पुढे १८९५ साली बाझल इथे जर्मन शरीरशास्त्रज्ञांच्या पुढाकाराने नावांची मोठी साफसफाई झाली. एकेका भागाला दहा-दहा नावं होती. सुमारे ५०,००० नावांचं जंगल तोडून साडेपाच हजारांच्या आसपास नावं निवडली गेली. विज्ञानाच्या इतिहासातलं हे मोठं आणि उपयोगी काम होतं, त्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण त्या यादीत स्त्रीच्या बाह्य जननेंद्रियांना 'पुडेंडम मुलिएब्रे', म्हणजे 'स्त्रीची लाज', हे नाव अधिकृतपणे मिळालं. पुरुषाच्या बाजूला 'पुरुषाची लाज' अशी नोंद झाली नाही. ऑगस्टीनने ज्या अवयवाची तक्रार केली होती तो सुटला. १९५५ साली पॅरिसमध्ये नवी यादी स्वीकारली गेली, १९९८ साली आणखी एक आली. शब्द थोडा बदलून 'पुडेंडम फेमिनिनुम' झाला, पण टिकला. विसावं शतक संपेपर्यंत, जगभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत, आपल्याही.

जर्मन भाषेने तर हे सगळं भाषांतर करून घरात घेतलं. तिथे 'शाम' म्हणजे लाज, आणि जघनास्थीला साध्या बोलण्यात 'लाजेचं हाड' म्हणतात, भगोष्ठांना 'लाजेचे ओठ'. डचमध्येही तसंच. नॉर्वेजियन लोकांनी 'लाजेचे ओठ' बाजूला सारून 'लिंगाचे ओठ' (लिंग म्हणजे इथे स्त्री-पुरुष हा भेद) अशा अर्थाचा शब्द रुळवला. स्वीडनमध्ये लैंगिक शिक्षणाचं काम करणाऱ्या आरएफएसयू या संस्थेने २००९ साली 'कौमार्यपटल' या अर्थाच्या जुन्या शब्दाऐवजी केवळ आकार सांगणारा नवा शब्द सुचवला, कारण तिथे असं सलग पटल नसतंच, आणि त्या नसलेल्या पटलापायी मुलींना छळ सोसावा लागतो. शब्द बदलता येतात, आणि बदलल्यावर डॉक्टरांचं काम अडत नाही, हे या देशांनी दाखवून दिलं आहे.

आता विरोधकांची बाजू. ती पोरकट नाही, म्हणून नीट घेतो.

पहिला आक्षेप: लॅटिन आता येतं कुणाला? शब्द मेलेला आहे, त्याचा अर्थही मेला. शरीरशास्त्र अशा शब्दांनी भरलेलं आहे. स्नायूसाठीच्या 'मसल'चा अर्थ छोटा उंदीर, माकडहाडाच्या 'कॉक्सिक्स'चा अर्थ कोकिळेसारखा पक्षी, मांडीचं हाड ज्या खोबणीत बसतं त्या 'अॅसिटॅब्युलम'चा अर्थ शिरक्याची वाटी. 'व्हजायना' म्हणजे तलवारीची म्यान. ते सगळं बदलत बसायचं का?

नाही बसायचं. उंदीर, कोकिळा, वाटी ही दिसण्यावरून दिलेली नावं आहेत. चुकीची वाटली तरी ती डोळ्यांनी तपासता येतात. म्यानेबद्दल मला कुरकुर आहे, कारण त्या नावात अवयव दुसऱ्या कुणाच्या तरी शस्त्रासाठी असल्यासारखा दिसतो. पण तेही निदान आकाराचं नाव आहे. पुडेंडममध्ये आकार नाही, जागा नाही, काम नाही. फक्त मत आहे. आणि मत सांगणारी नावं शरीरशास्त्राने याआधी स्वतःहून काढून टाकलेली आहेत. डोळ्याच्या स्नायूंना एके काळी गर्विष्ठ, नम्र, तिरस्कारी अशी नावं होती, कारण त्या त्या भावनेत डोळा त्या त्या दिशेला वळतो असं मानलं जाई. मेंदूतून निघणाऱ्या चौथ्या नसेला थॉमस विलिसने १६६४ साली भावविवशतेची नस म्हणून 'पॅथेटिक' हे नाव दिलं. आज ती 'ट्रॉक्लिअर' आहे, कारण तिचा स्नायू एका कप्पीसारख्या कड्यातून जातो. मांडीच्या आतल्या स्नायूंना 'कौमार्याचे पहारेकरी' म्हणणारी पुस्तकं होती, तीही गेली. भावनेच्या आणि नीतीच्या जागी रचना आणि काम यांवरून नाव द्यायचं, हीच या शास्त्राची स्वतःची वाट आहे. पुडेंडल हे त्या वाटेवर राहून गेलेलं नाव आहे. गंमत म्हणजे ही नस ज्या त्रिकास्थीतून निघते त्याचं लॅटिन नाव 'सॅक्रम', म्हणजे पवित्र हाड. पवित्रातून निघून लाजिरवाण्याकडे जाणारी ही वाट निसर्गाने आखलेली नाही.

मेलेल्या अर्थाबद्दल आणखी एक सांगायचं आहे. अर्थ मेलेला असता तर त्याने कुणाला बोचलं नसतं. मायामीच्या एका वैद्यकीय विद्यार्थिनीने नसेच्या नावाचा अर्थ शब्दकोशात पाहिला, अस्वस्थ झाली, त्याचा पाठपुरावा केला आणि शरीररचनाशास्त्राच्या नियतकालिकात त्यावर लेख लिहिला. लॅटिन न येणाऱ्या मुलीला हे शोधायला फोनवर काही क्षण लागतात. उद्या आपल्याकडची प्रत्येक विद्यार्थिनी हे करू शकते. तिला कळेल की ज्या शास्त्राला आपण वस्तुनिष्ठ समजून पाठ करतो आहोत, त्याने आपल्या शरीराबद्दल आधीच निकाल देऊन ठेवला आहे.

दुसरा आक्षेप जास्त अभ्यासू आहे. तो असा की लॅटिन 'पुदोर' म्हणजे केवळ लाज नव्हे; विनय, मर्यादा, स्वतःची बूज राखणं हाही त्याचा अर्थ आहे. रोममध्ये 'पुदिकितिया' ही शालीनतेची देवी होती. मग शब्द अपमानाचा कसा?

देवी होती हे खरं. पण तिच्या मंदिरात काय घडलं तेही इतिहासकार लिव्हीने लिहून ठेवलं आहे. इसवी सनापूर्वी २९६ साली व्हर्जिनिया नावाच्या उच्चकुलीन स्त्रीला तिथल्या कुलीन बायकांनी पूजेला येऊ दिलं नाही, कारण तिने सामान्य कुळातल्या पुरुषाशी लग्न केलं होतं. तो पुरुष राज्याचा कॉन्सल, म्हणजे सर्वोच्च अधिकारी, होता तरीही. व्हर्जिनियाने आपल्या घराचा एक भाग वेगळा काढून सामान्य कुळातल्या स्त्रियांसाठी त्याच देवीची वेगळी वेदी उभारली. मला ही बाई आवडते. पण तिनेही अट घातलीच: शीलाची खात्री असलेल्या, एकाच पुरुषाशी लग्न झालेल्या स्त्रीनेच इथे पूजा करावी. शालीनतेचा सन्मान हा असा असतो. तो स्त्रीला मिळतो तेव्हाही तिच्या शरीराचा ताबा कुणाकडे आहे हे पाहून मिळतो, आणि कधीही परत घेता येतो.

हे फक्त रोमचं नाही. आपल्या दंडसंहितेत कलम ३५४ होतं, आता भारतीय न्याय संहितेत ते कलम ७४ आहे, आणि त्यातला मूळ शब्द 'मॉडेस्टी' कायम आहे. मराठीत आपण त्याला विनयभंग म्हणतो. १९६६ साली सर्वोच्च न्यायालयासमोर पंजाबातला एक खटला आला. अत्याचार झालेली व्यक्ती साडेसात महिन्यांची बालिका होती. इतक्या लहान जीवाला विनयाची जाणीवच नाही, मग विनयभंग कसा, असा पेच पडला होता. उच्च न्यायालयाने त्याच कारणाने हे कलम लागू होत नाही असं ठरवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने ते फिरवलं. न्यायमूर्ती बचावत यांनी लिहिलं की स्त्रीच्या विनयाचं सार तिच्या स्त्री असण्यातच आहे. त्या बाळाला न्याय मिळण्यासाठी तो निकाल आवश्यक होता आणि योग्य होता. पण त्याच्या मागे पाहा. गुन्हा शरीरावर झाला होता. कायद्याकडे शरीरासाठी शब्द नव्हता, विनयासाठी होता, म्हणून पाळण्यातल्या मुलीला विनय चिकटवावा लागला. लाज म्हणजे काय हे ज्या जीवाला ठाऊक नाही, त्यालाही ती स्त्रीदेह म्हणून जन्मतःच लागू होते. 'पुदोर म्हणजे शालीनता' हा युक्तिवाद आपल्याला याच ठिकाणी आणून सोडतो.

तिसरा आक्षेप आंतरराष्ट्रीय शब्दयादी ठरवणाऱ्या समितीच्या मनात होता असं दिसतं: 'पुडेंडम' फक्त स्त्रीसाठी होता म्हणून तो पक्षपाती, तो काढला, नस मात्र स्त्री-पुरुष दोघांत आहे, तिचं नाव ठेवायला हरकत नाही. मला हा हिशेब कळत नाही. लाज दोघांत सारखी वाटली म्हणून ती लाज राहत नाही असं थोडंच आहे? शिवाय या नसेचं काम काय ते पाहिलं की नाव आणखीच विपरीत वाटतं. मलमूत्राचं द्वार इच्छेनुसार आवळून धरणारे स्नायू हिच्या हुकमावर चालतात. चारचौघांत माणसाची अब्रू जी नस सांभाळते तिलाच आपण लाजिरवाणी ठरवली आहे. लांबलेल्या प्रसूतींत तिला इजा झाली तर बाईला हसताना, खोकताना लघवी थांबवता येत नाही, कधी वायूही आवरत नाही, आणि अशा बायका वर्षानुवर्षं घराबाहेर पडणं टाळतात पण डॉक्टरला सांगत नाहीत. ही नस चिमटली गेल्यामुळे बसताना जळजळीत वेदना होणारे पुरुष आहेत, त्यांत तासन्तास सायकल चालवणारेही आहेत. त्यांच्या केसपेपरवर लिहिलेल्या आजाराच्या नावातही लाज असते.

नसेचं नाव बदललं तर घोटाळा होईल, रुग्णांना धोका होईल, हे मात्र काळजीचं म्हणणं आहे. एक अडचण खरीच आहे: 'पेरिनिअल' (जननेंद्रियं आणि गुदद्वार यांच्या मधल्या भागाची) हे सोपं नाव या नसेच्या शाखेला आधीच दिलेलं आहे. पण घोटाळ्याचं कारण दाखवूनच तर पायाच्या एका नसेचं नाव बदललं गेलं. 'पेरोनिअल' आणि 'पेरिनिअल' हे शब्द कानाला सारखे वाटतात, म्हणून १९९८ च्या यादीत पेरोनिअलला 'फिब्युलर' केलं. जुने डॉक्टर अजून पेरोनिअल म्हणतात, नवे फिब्युलर म्हणतात, पुस्तकं दोन्ही छापतात, आणि कोणाचाही पाय चुकीचा कापला जात नाही. उच्चारातल्या साम्यासाठी जे चालतं ते माणसाच्या सन्मानासाठी का चालू नये? वैद्यकाने याहून मोठे बदल पचवले आहेत. डाऊन सिंड्रोमला एके काळी 'मंगोलिझम' म्हणत. १९६१ साली शास्त्रज्ञांच्या एका गटाने 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पत्र लिहून ते नाव सोडा म्हटलं, १९६५ साली मंगोलियाच्या प्रतिनिधींनी जागतिक आरोग्य संघटनेकडे तीच मागणी केली, आणि नाव गेलं. त्यानंतर त्या मुलांचं निदान करण्यात एका दिवसाचाही खोळंबा झाला नाही.

चौथा आक्षेप कुणी परका करत नाही, तो आपल्याच भाषेतून येतो आणि मला सर्वात जास्त छळतो. नाव बदलून लाज जाते का? संस्कृतात याच अवयवाला 'भग' असा शब्द आहे, आणि भग म्हणजे भाग्य, ऐश्वर्य, तेज. भगवान हा शब्द त्यातूनच आला. सुश्रुताने गुदाजवळच्या नाडीव्रणाला, म्हणजे नळीसारख्या वाहत्या जखमेला, भगंदर म्हटलं ते भग, गुद आणि बस्ती (मूत्राशय) यांच्या प्रदेशाला तो फाडतो म्हणून. याहून देखणी व्युत्पत्ती कुठल्या अवयवाला मिळणार? तरी आज मराठी घरात कोणी तो शब्द उच्चारेल का? भगंदर चालतं, भगवान चालतो, मधला शब्द गिळला जातो. उलट 'लाज झाकणे' हा वाक्प्रचार आपण सहज वापरतो, आणि त्यात लाज म्हणजे नेमकं काय हे प्रत्येकाला कळतं. म्हणजे लॅटिनचा शब्द आपल्याला न शिकवताही आपण तो स्वतःच घडवलेला आहे.

तेव्हा मी असं म्हणणार नाही की यादीतला एक शब्द बदलला की बाईच्या मनातली भीड जाईल. भाषेच्या रस्त्यावरचे शब्द कुणाच्या हातात नसतात. पण शास्त्राचे शब्द समित्या ठरवतात, पाठ्यपुस्तकं छापतात, परीक्षा वदवून घेतात. समाजाच्या लाजेला शास्त्राने अधिकृत शिक्का द्यायचा की नाही, एवढंच शास्त्राच्या हाती आहे, आणि तेवढं तरी त्याने केलंच पाहिजे.

कारण त्या लाजेची किंमत मोजली गेली आहे, आणि ती महाराष्ट्रातच मोजली गेली आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली लॅन्सेटमध्ये ती प्रसिद्ध झाली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक रोगाचा कोणता ना कोणता त्रास होता, सरासरी एकीला साडेतीनहून जास्त. त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. या आकड्यामागे दवाखान्यांची टंचाई होती, गरिबी होती, अंतरं होती. पण बोलायला शब्द नसणं हेही होतं. 'अंगावरून जातं', 'अंग बाहेर येतं', 'खाली दुखतं' या शब्दांत बाया जे सांगतात ते समजून घेणाऱ्या डॉक्टरला पुष्कळ कळतं. हे शब्द मला कमी दर्जाचे वाटत नाहीत. उलट त्यांत लाज नाही, दुखणं आहे, आणि 'अंग' हा किती पूर्ण, निर्मळ शब्द आहे. लाज पुढच्या पायरीवर येते: केसपेपरवर, तपासणीच्या पडद्यामागे, डॉक्टरच्या आवाजात, विद्यार्थ्यांच्या खिदळण्यात.

अज्ञानाची किंमत पाश्चात्त्य वैद्यकानेही भरली. जर्मनीच्या गेओर्ग लुडविग कोबेल्टने १८४४ साली क्लिटोरिसची आतली रचना बारकाईने रेखाटली होती, आणि तरी पुढच्या शतकातल्या पाठ्यपुस्तकांत ती आकसत गेली. १९९८ साली ऑस्ट्रेलियाच्या मूत्ररोग शल्यचिकित्सक हेलन ओ'कॉनेल यांनी विच्छेदनातून दाखवलं की हा अवयव पुस्तकातल्या चित्रांपेक्षा बराच मोठा आणि खोलवर पसरलेला आहे. पुरुषांच्या प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेत नसा वाचवण्याची पद्धत १९८० च्या दशकातच विकसित झाली होती. स्त्रियांच्या बाबतीत वाचवायचं काय हेच नकाशावर नीट नव्हतं. हे फक्त एका शब्दामुळे झालं असं मी म्हणत नाही. पण ज्या भागाला 'लाज' म्हणायचं त्या भागाचा नकाशा सर्वात उशिरा पूर्ण होतो, यात मला आश्चर्य वाटत नाही.

मराठीत या विषयावर स्पष्ट बोलण्याची परंपरा आहे आणि तिला भोगावंही लागलं आहे. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत, आपल्या मृत्यूपर्यंत, 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं. वाचकांच्या लैंगिक शंकांना साधी, शास्त्रीय उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. तो खटला ते हरले. पण लैंगिक प्रश्नांवर शास्त्रीय भाषेत लिहिणं हा गुन्हा होऊ शकत नाही, ही बाजू मराठी समाजात एवढ्या उंचीच्या माणसाने न्यायालयात मांडली आहे, हे आपल्याला विसरता येणार नाही.

आता तीच कसोटी पुन्हा लागणार आहे. मध्य प्रदेशात ऑक्टोबर २०२२ मध्ये एमबीबीएसची हिंदी पाठ्यपुस्तकं प्रकाशित झाली. महाराष्ट्रातही मराठीतून वैद्यकीय शिक्षणाची चर्चा होत असते. मातृभाषेतून वैद्यक शिकवावं की नाही यावर मतभेद आहेत, ते असोत. पण पुस्तकं लिहिली जातील तेव्हा भाषांतरकारासमोर 'पुडेंडल' हा शब्द येईल, आणि सर्वात सोपं काम असेल ते कोशात पाहून 'लज्जा' लावून मोकळं होणं. तसं झालं तर जे नाव युरोप स्वतःच्या यादीतून कष्टाने काढतो आहे ते आपण नव्याने, अर्थासकट, कुणालाही कळेल अशा भाषेत रुजवू. लॅटिनमध्ये निदान अर्थ झाकलेला होता. मराठीत तो उघडा असेल, आणि रुग्णाला थेट ऐकू जाईल.

टाळणं अवघड नाही. ही नस मुख्यतः ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आणि तिथली त्वचा सांभाळते, म्हणून 'श्रोणितल चेता' किंवा साधं 'श्रोणितलाची नस' म्हणता येईल. मार्गावरून नाव हवं असेल तर ती आसनास्थीच्या, म्हणजे बैठकीच्या हाडाच्या, काट्याला वळसा घालते, हे तिचं ठळक लक्षण आहे. बाह्य जननेंद्रियांसाठी 'योनिमुख' आणि 'भगोष्ठ' हे शब्द आहेत, त्यांचा संकोच लेखकांनी आधी सोडावा. आंतरराष्ट्रीय यादीच्या पुढच्या आवृत्तीसाठी भारतातल्या शरीररचनाशास्त्राच्या शिक्षकांनी आणि संघटनांनी लेखी सूचना पाठवाव्यात. जगातल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांचा फार मोठा भाग या देशात शिकतो, आणि तरी नावं ठरवताना आपला आवाज फारसा ऐकू येत नाही. तोपर्यंत वर्गात शिकवणाऱ्याने जुनं नाव सांगताना त्याचा अर्थ आणि त्याचा इतिहास दोन मिनिटं सांगावा, आणि प्रसूतिगृहात टाके घालण्याआधी भूल देताना बाईला एवढंच सांगावं की इथल्या स्नायूंना जाणारी नस आहे, ती थोडा वेळ बधिर करतोय, म्हणजे दुखणार नाही.